भिंत कशानं वाकली?

अमेरिकेतलं घर बहुतेक लाकडी सांगाड्याचं. सांगाड्यावर लाकडी तक्ते, तक्त्यांवर पाणी अडवणारं वेष्टन आणि सगळ्यात बाहेर साइडिंग. विटा-सिमेंटच्या घरात वाढलेला पाहुणा पहिल्यांदा त्या भिंतीवर बोट दाबतो आणि दचकतो, कारण लांबून फळ्यांसारखं दिसणारं ते प्रकरण जेमतेम मिलिमीटरभर जाडीचं प्लास्टिक निघतं. हे व्हिनाइल साइडिंग तिथे १९५० च्या दशकाच्या अखेरीला आलं. रंग द्यायची कटकट नाही म्हणून घराघरांवर चढलं. आणि मालाबरोबर वॉरंटीचा कागदही घराघरांत पोचला.

त्या कागदाचं करायचं काय, यावर पुढचा वाद आहे. अनघा न्यू जर्सीतल्या एडिसनची, वीसेक वर्षं तिथेच रुळलेली. मामा पार्ल्याचे, सर्वसाधारण विम्याचे सर्व्हेअर म्हणून लोकांचे क्लेम तपासण्यात त्यांचा जन्म गेला, आणि आता काही महिने भाचीकडे मुक्कामाला आलेत. नावं आणि नाती मी रचली आहेत, भांडण मात्र खरं आहे. अनघानं अकरा वर्षांपूर्वी जुनं साइडिंग उतरवून नवं बसवून घेतलं. आता उत्तरेच्या भिंतीवर लाटा उठल्यात, पश्चिमेची भिंत विटलीय आणि तिच्याच एका टोकाला फुगवटा आलाय.

अनघा : मी यात पडणार नाही, मामा. ती वॉरंटी म्हणजे विकताना दाखवायचा कागद. ‘लाइफटाइम’ मोठ्या अक्षरात, ‘लिमिटेड’ त्याच्या निम्म्यात, आणि बाकीचं भिंग लावून वाचायचं.

मामा : तू वाचलास का पण?

अनघा : वाचला, म्हणूनच म्हणतेय. पहिल्याच परिच्छेदात काय हमी दिलीय माहितीय? पापुद्रे सुटणार नाहीत, फोड येणार नाहीत आणि माल गंजणार नाही. प्लास्टिक गंजणार नाही म्हणे! उद्या कुणी मला रबरी चप्पल भाजणार नाही याची हमी देईल.

मामा : बरं, आणि काय नाही दिलंय?

अनघा : ते दोन पानं आहे. बसवण्यात चूक झाली असेल तर नाही. काही आपटलं तर नाही. बार्बेक्यूची शेगडी भिंतीजवळ ठेवली तर नाही. खिडकीवरून उलटलेल्या उन्हानं वाकलं तर नाही. आणि दिलंच काही, तर फक्त माल देणार. उतरवायची-चढवायची मजुरी माझी. मालाचीही किंमत दरवर्षी घसरत जाते, त्याचा तक्ताच शेवटी जोडलाय. रंग बंद झाला असेल तर जवळपासचा देणार. आता मला सांग, अकरा वर्षं उन्हात विटलेल्या भिंतीवर चार नवे करकरीत पॅनेल बसवले तर कसं दिसेल? लांबून ठिगळ दिसेल ठिगळ. त्यापेक्षा स्वतःचे पैसे घालून भिंत करून घेते आणि मोकळी होते.

मामा : मोकळी होतेस म्हणजे कंपनीला मोकळं करतेस.

मामांच्या या वाक्यात थोडा अभिनिवेश आहे, पण त्याला पार्श्वभूमी आहे. १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली, तेव्हा पार्ल्यात महिन्याचं वाणसामान एकत्र मागवून गटागटानं वाटून घेणाऱ्यांत मामा होते. गंमत अशी की अमेरिकेचा वॉरंटीबद्दलचा मोठा कायदा, मॅग्नसन-मॉस, हाही १९७५ चाच. कंपनीनं लेखी वॉरंटी द्यायलाच हवी असं तो म्हणत नाही. दिली, तर साध्या भाषेत द्या, विकण्याआधी वाचायला द्या आणि ती ‘फुल’ आहे की ‘लिमिटेड’ हे वर ठळक लिहा, असं म्हणतो. अनघाच्या कागदावरचं ते निम्म्या अक्षरातलं ‘लिमिटेड’ कायद्यानंच तिथे आणून बसवलंय.

मामा : म्हणजे कायदा आहे. मग अडलंय कुठे?

अनघा : कायद्यात आणखीही आहे, ते तुला आवडेल. लेखी वॉरंटी दिली की कंपनीला गर्भित हमी, म्हणजे न लिहिताही धरली जाणारी, पूर्ण झटकता येत नाही, फार तर तिची मुदत लेखी वॉरंटीइतकी मर्यादित करता येते. कोर्टात मी जिंकले तर वकिलाची फीसुद्धा त्यांच्याकडून मिळू शकते.

मामा : वा!

अनघा : ‘वा’ काय? यात एक खोच आहे. हाच माल नव्या घराला आधीच लावलेला असेल आणि मी घर म्हणून विकत घेतला असेल, तर तो या कायद्याखाली ग्राहकोपयोगी वस्तू धरतच नाहीत, तो घराचा भाग झाला. माझं नशीब की मी जुन्या घरावर वेगळा बसवून घेतला. समोरच्या नव्या वसाहतीतल्या लोकांना हे दार बंदच आहे. त्यांनी बिल्डरमागे लागायचं. आणि मला दार उघडं आहे म्हणून मी कोर्टात जाऊन बसू? चार खोकी प्लास्टिकसाठी?

मामा : कोर्टाचं नंतर बघू. आधी भिंत बघू. उत्तरेच्या भिंतीवर ऊन किती येतं?

अनघा : हिवाळ्यात अजिबात नाही.

मामा : आणि लाटा कधी उठल्या?

अनघा : हिवाळ्यात.

इथे मामांनी पुढे काही विचारलं नाही. अनघानंच पडदा सरकवला. उत्तरेच्या शेजाऱ्यानं गेल्या वर्षी खिडक्या बदलल्या होत्या, आणि नव्या खिडक्यांची काच ‘लो-ई’ होती. या काचेवर धातूचा डोळ्याला न दिसणारा पातळ थर असतो. तो उष्णता परतवतो, म्हणून घर तापत नाही आणि वीजबिल वाचतं. परतवलेली उष्णता कुठेतरी जाणारच. त्यातून खिडकी दोन काचांची, मध्ये बंदिस्त वायू. कडाक्याच्या थंडीत तो वायू आकसतो, काचा मधोमध किंचित आत ओढल्या जातात आणि सपाट खिडकीचा अंतर्वक्र आरसा होतो. हिवाळ्यातला सूर्य खालून चालतो. त्याचं ऊन दक्षिणेकडे तोंड असलेल्या त्या खिडकीवर जवळजवळ समोरून पडतं आणि एका झोतात गोळा होऊन अनघाच्या भिंतीवर येतं. व्हिनाइल सुमारे सत्तर अंश सेल्सिअसपुढे मऊ पडू लागतं. अशा झोतात तापमान नव्वदच्याही वर जाऊ शकतं. बाहेर बर्फ आणि भिंतीचं प्लास्टिक मऊ, असा हा प्रकार आहे. झोत सूर्याबरोबर सरकतो, म्हणून लाटाही सरळ उभ्या नसतात, तिरप्या पट्ट्यात उठतात. अनघाच्या भिंतीवर तसाच पट्टा आहे.

मामा : हे तुला कुणी सांगितलं?

अनघा : भाव द्यायला आलेल्या कॉन्ट्रॅक्टरनं. वर हेही सांगितलं, की क्लेमच्या अर्जात खिडकीचा उल्लेख करू नका. ‘साइडिंग वाकलं, कारण माहीत नाही’ एवढंच लिहा. बघू काय म्हणतात.

मामा : आणि तू?

अनघा : मला खोटं लिहायचं नाही. पण त्याच्या म्हणण्यात तथ्य नाही असंही नाही. मी काही इंजिनिअर नाही. माल त्यांचा, प्रयोगशाळा त्यांची. कारण शोधणं त्यांचं काम. दुसऱ्याच्या खिडकीनं वाकण्याइतका नाजूक माल बनवायचा आणि वाकला की खिडकीकडे बोट दाखवायचं? खिडकीवाले म्हणणार, आमची काच सरकारी ऊर्जा-नियमांत बसते. शेजारी म्हणणार, मी माझ्या घराला माझी खिडकी लावली. सगळे बरोबर, आणि भिंत माझी वाकडी.

मला अनघाचा हा मुद्दा तिच्या बाकीच्या सगळ्या मुद्द्यांपेक्षा वजनदार वाटतो. ज्याला कारण कळणं सर्वांत अवघड, त्याच्यावरच कारण सिद्ध करायचं ओझं टाकायचं, ही या कागदांची जुनी रीत आहे. पण मामा तीस-पस्तीस वर्षं टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसलेले.

मामा : अगं, कंपनीला हे माहीत नाही असं वाटतं का तुला? अपवादांच्या यादीत त्यांनी ते छापलंय म्हणजे असे किती अर्ज आले असतील विचार कर. फोटो बघूनच ओळखतील. मग तुझ्या अर्जातला पश्चिमेच्या भिंतीचा जो खरा मुद्दा आहे, तोही याच्याबरोबर केराच्या टोपलीत जाईल. मी स्वतः हेच करायचो. एका अर्जात तीन कारणं कोंबलेली दिसली की त्यातलं सगळ्यात कच्चं कारण धरायचं आणि सगळ्यावर फुली.

अनघा : छान करायचास!

मामा : नोकरी होती ती. तर ऐक, कारणं वेगवेगळी करायची. उत्तरेची भिंत या अर्जात नाही. आता पश्चिमेला चल.

पश्चिमेच्या भिंतीवर मामा रमले, आणि खरं सांगायचं तर मीही. पॅनेलच्या वरच्या काठाला खिळ्यांसाठी लांबट खाचा असतात. खिळा खाचेच्या मधोमध मारायचा आणि पूर्ण ठोकायचा नाही. डोकं आणि पॅनेल यांच्यात एका इंचाचा बत्तिसावा भाग, म्हणजे अमेरिकन डाइमच्या जाडीइतकी फट ठेवायची. साडेबारा फुटी पॅनेल थंडी-उन्हाळ्यात अर्धा इंच, कधी त्याहूनही जास्त, लांब-आखूड होतं. म्हणून ते भिंतीला घट्ट मारायचं नसतं, टांगायचं असतं. नीट बसवलेलं पॅनेल दोन्ही तळव्यांनी धरून डावी-उजवीकडे ढकललं तर सरकतं. मामांनी फुगवट्यापासून दूरचं एक पॅनेल ढकललं, सरकलं. फुगवट्याजवळचं ढकललं, हललं नाही. झिप टूल नावाची आकडी खालच्या काठात अडकवून अनघानं जोड सोडवला, तर आत दिसलं की तिथले खिळे डोक्यापर्यंत ठोकलेले, आणि एक तर खाचेच्या अगदी टोकाला. उन्हाळ्यात वाढायला जागा नाही, मग पॅनेल पुढे येणारच.

मामा : हे कंपनीचं नाही. बसवणाऱ्याचं.

अनघा : आणि बसवणाऱ्याची हमी दोन वर्षांची. ती संपून जमाना झाला. त्याचा फोनही लागत नाही. म्हणजे उत्तरेला शेजारी, कोपऱ्यात कॉन्ट्रॅक्टर. कंपनीच्या वाट्याला उरलं काय?

मामा : रंग. तो बाहेरच्या दिव्यामागचा चौकोन काढ बघू.

दिव्याच्या ठोकळ्यामागे अकरा वर्षं ऊन न लागलेला तुकडा होता, गडद निळसर-करडा. त्याच्या भोवतीची भिंत पिठाळ राखाडी. व्हिनाइलमध्ये ऊन सोसायला टायटेनियम डायऑक्साइड मिसळलेलं असतं, तरी गडद रंग विटतातच आणि थोडं विटणं कंपनी धरून चालते. किती विटलं म्हणजे जास्त, हे मोजायला हंटर नावाचं एकक आहे. अनेक कागदांत चार हंटरपेक्षा जास्त फरक पडला तर रंगाची हमी लागू होते असं लिहिलेलं असतं, अनघाच्यातही तेच होतं. मोजतात मात्र धुतलेल्या पृष्ठभागावर. त्यामुळे अर्जाआधी भिंत साबणपाण्यानं धुवायची, नाहीतर ‘ही धूळ आहे’ या तीन शब्दांत उत्तर येतं.

अनघा : समजा, चारच्या वर निघालं. मग? तक्त्याप्रमाणे घसरलेली मालाची किंमत. एका भिंतीला पाच-सहा स्क्वेअर माल. शंभर चौरस फुटांचा एक स्क्वेअर, मामा, इथे तसंच मोजतात. त्या पैशात एक कामगार दोन दिवससुद्धा मिळायचा नाही. आणि हे मिळवायला मी किती संध्याकाळी घालवायच्या? बिल शोधा, फोटो काढा, तुकडा कापून पाठवा, फोनवर गाणं ऐकत बसा. त्यांना पक्कं माहीत आहे की दहातले आठ अर्ध्यात सोडतात.

मामा : कुणी मोजलं दहातले आठ?

अनघा : बरं, मी सोडीन. एवढं तर नक्की मोजता येतं.

मामा : सोडू नकोस. मुंबईतल्या २६ जुलैच्या पुरानंतर मी कलिना-कुर्ल्याला महिनाभर फिरत होतो. दुकानांत छातीइतकं पाणी चढलेलं. ज्यांचे क्लेम अडले, त्यांतल्या बऱ्याच जणांचं नुकसान खोटं नव्हतं. दोन दिवसांत वास सुटला म्हणून त्यांनी माल कचऱ्याच्या गाडीत घातला, आणि मी पोचलो तेव्हा दुकान धुऊन स्वच्छ. मी काय मोजायचं? स्वच्छ लादी? म्हणून तुझ्या त्या कॉन्ट्रॅक्टरला आधी सांग, कंपनीचं लेखी उत्तर येईपर्यंत भिंतीला हात लावायचा नाही. आणि नंतरही जुने पॅनेल फेकायचे नाहीत. मागच्या बाजूला काही नंबर छापलाय का बघ, तो फोटोत यायला हवा. दिव्यामागचा तुकडा आणि बाहेरचा तुकडा, दोन्ही एकाच फोटोत, ढगाळ दिवशी. तू तुकडा पाठवशील, तेव्हा त्याचा जुळा घरात ठेव. आणि रजिस्टर ए. डी. नं पाठव.

अनघा : इथे त्याला सर्टिफाइड मेल, रिटर्न रिसीट म्हणतात.

मामा : काय म्हणायचं ते म्हण, सही केलेली पावती परत येते ना? झालं तर. अजून एक. चेक आला की त्याच्याबरोबर एक कागद येईल, यावर सही करा म्हणून. आमच्याकडे डिस्चार्ज व्हाउचर. ‘फुल अँड फायनल’. त्यावर सही केलीस की उद्या दक्षिणेची भिंत विटली तरी तोंड बंद. सही करण्याआधी लिहून घे, हे फक्त पश्चिमेच्या भिंतीपुरतं आहे.

अनघा : तू कंपनीकडून भांडायचास की गिऱ्हाइकाकडून?

मामा : दोघांनाही तसंच वाटायचं.

अनघाकडे मात्र मामांना न दुखवता सांगण्यासारखं एक उत्तर होतं, आणि ते अमेरिकेच्याच इतिहासातलं होतं. साइडिंगच्या बाबतीत कंपन्या जेव्हा जेव्हा खरोखर वाकल्या, तेव्हा एकेकट्या गिऱ्हाइकाच्या अर्जानं वाकल्या नाहीत. लुइझियाना-पॅसिफिक कंपनीचं ‘इनर-सील’ नावाचं साइडिंग लाकडाच्या चिपांचं होतं. ते ओल धरायचं, काठ फुगायचे, काही घरांच्या भिंतींवर अक्षरशः अळंबी उगवली. घरमालकांनी एकत्र दावा लावला आणि १९९६ मध्ये ऑरेगनच्या संघीय न्यायालयात तडजोड झाली, किमान साडेसत्तावीस कोटी डॉलरची. मेसोनाइटच्या हार्डबोर्ड साइडिंगचा खटला अलाबामातल्या मोबिल शहरात चालला. ज्यूरीनं माल सदोष ठरवला, आणि पुढच्या तडजोडीत १९८० पासून १९९८ च्या सुरुवातीपर्यंत तो माल बसवलेली घरं धरली गेली.

अनघा : त्या लोकांनीही आधी वर्षानुवर्षं एकेकट्यानं पत्रं लिहिली असतील. उत्तर काय यायचं? तुम्ही रंग वेळेवर दिला नाहीत, सांधे नीट भरले नाहीत. मग सगळे एकत्र आल्यावर कारण बदललं का? लाकूड तेच, पाऊस तोच.

मामा : तुझ्याच बोलण्यात माझं उत्तर आहे. वकिलांनी दावा उभा केला कशावर? त्या एकेकट्यांनी जपून ठेवलेल्या पत्रांवर. कुणी लिहिलंच नसतं तर कंपनी म्हणाली असती, आमच्याकडे तक्रारच नाही.

अनघा : म्हणजे मी दहा वर्षांनंतरच्या कुठल्यातरी वकिलासाठी आत्ता फाइल करायची?

मामा : करायचीस. तुझी नसेल होत सोय, दुसऱ्याची होईल.

अनघा : हे तुझं ग्राहक पंचायतीचं झालं. मला दोन मुलं आणि नोकरी आहे.

इथे दोघंही थोडी गरम झाली होती. माझं मत विचाराल तर पैशाच्या हिशेबात अनघा बरोबर आहे. एका भिंतीच्या रंगाच्या क्लेमवर कुणाचं घर चालत नाही, आणि जे मिळेल त्याची भर टाकूनही बहुतेक खर्च तिलाच सोसायचाय. लघुवाद न्यायालयात न्यू जर्सीत पाच हजार डॉलरपर्यंतचा दावा वकिलाशिवाय लावता येतो, तो तिच्यासारखीला परवडेलही. पण त्यातही दिवस जाणारच. मामा तरीही मला पटतात ते वेगळ्या कारणासाठी. त्यांनी तासाभरात एका ‘सदोष’ भिंतीचे तीन तुकडे केले आणि प्रत्येकाचा धनी वेगळा काढला. ते न करता अनघा पूर्ण साइडिंग नव्यानं करून घेणार होती, म्हणजे शेजाऱ्याच्या खिडकीसमोर पुन्हा तेच व्हिनाइल लावणार होती. पुढच्या हिवाळ्यात तेही वाकलं असतं.

हा मुद्दा अनघाच्याही लक्षात आला, पण तिनं तो कबूल केला नाही. वळणानं आली.

अनघा : ठीक. पश्चिमेचा रंगाचा क्लेम मी लावते. एक अर्ज, एक स्मरणपत्र. तिसरं पत्र लिहिणार नाही. फुगवट्याचं काम स्वतःच्या पैशानं, खिळे सैल करून. बहुतेक तेच पॅनेल परत बसतील.

मामा : आणि उत्तर?

अनघा : उत्तरेला माल बदलून उपयोग नाही, आधी ऊन अडवायला हवं. शेजाऱ्याच्या त्या खिडकीला बाहेरून पूर्ण जाळी लावली की झोत फुटतो. किंवा छोटा कनातीसारखा छज्जा.

मामा : त्याला पत्र लिही. फोटो जोड, वेळ घाल. ऊन असेल त्या दिवशी दर अर्ध्या तासानं एक फोटो काढ. आणि ती तापमान मोजायची बंदूक मिळते ना, तिचे आकडे. सर्टिफाइड मेलनं पाठव.

अनघा : शेजाऱ्याला? मामा, तो माझ्या मुलांना शाळेतून आणतो कधीकधी. त्याला मी सर्टिफाइड मेल पाठवू? शनिवारी भेटेन, अंगणात बोलेन, जाळीचे पैसे मी देते म्हणेन.

मामा : पैसे तू देणार?

अनघा : मी देणार. जाळी कितीशी महाग आहे!

मामा : दे. पण बोलून आलीस की त्याच दिवशी एक ईमेल टाक, ‘आज आपलं असं असं बोलणं झालं, आभार’ म्हणून. तारीख राहते त्यात.

अनघा : मामा!